विहिरीवर लॉन करायचंय: मोटर कुठली, पॉप-अप की ठिबक? (सातारा, दीड गुंठा)

अजिंक्यताऱ्याखाली | १२ मार्च

मंडळी, साताऱ्यात वाढे फाट्याच्या अलीकडे आमचं घर आहे. एकेकाळी ऊस होता. वाटण्या आणि विक्री होऊन आता घर धरून आठ गुंठे उरलेत. विहीर मात्र आमच्या वाट्याला आली. बहात्तरच्या दुष्काळानंतर आबांनी भावांबरोबर स्वतः खांदलेली. व्यास दहा फूट, खोली बेचाळीस. आज पाणी अठरा फुटांवर आहे. आत मधल्या टप्प्यावर जुनी पाच एचपीची थ्री-फेज मोटर आहे, कनेक्शन शेतीचं.

घरापुढे दीड गुंठा लॉन करायचंय. पाइप धरून उभं राहायला वेळ नाही, म्हणून जमिनीतून वर येणारे पॉप-अप फवारे, टायमर, जमलं तर मोबाइलवरून चालू-बंद असा विचार आहे. एका माणसाने पाहणी करून पासष्ट हजार सांगितले. विहिरीत डोकावलासुद्धा नाही, फक्त अंगण मोजलं.

विचारायचं ते असं:
आहे तीच मोटर चालेल का? की गच्चीवर टाकी भरून खाली सोडू? लॉनला ठिबक चालतं का?

आबांचं मत विचारलं नव्हतं, तरी मिळालं: "गवताला पाजायला विहीर खांदली नव्हती."

कंदीपेढा | १२ मार्च

फोटो टाका. लॉन अजून नाही, तर विहिरीचा टाका.

दारं_धरणारा | १२ मार्च

पाच एचपी पॉप-अपला लावणार? नाद करायचा नाय! पहिल्याच दिवशी टोप्या शेजारच्या गच्चीवर जाऊन पडतील. आमच्या पाव्हण्यानं कोरेगावात हेच केलं. पाणी जास्त, वाट बारीक, मग सगळा दाब पाइपावर. रात्री दोन सांधे सुटले आणि सकाळी लॉनच्या जागी डबकं.

दुसरं म्हणजे शेतीचं कनेक्शन लॉनला वापरू नका. दर वेगळा असतो. भरारी पथक आलं की ते वीज कायदा २००३ चं कलम १२६ काढतात, अनधिकृत वापर म्हणून. शिवाय शेतीची थ्री-फेज ठरावीक तासच, तीही कधी दिवसा, कधी रात्री. तुमचा मोबाइल काय करणार तिथं? घरच्या सिंगल फेजवर एक एचपी टाका नि सुखात राहा.

मोजमाप_मास्तर | १३ मार्च

निवृत्त आहे, त्यामुळे वेळ आहे. जरा लांबणार.

गच्चीच्या टाकीचं आधी संपवतो. दहा मीटर उंचीला ढोबळमानाने एक बार दाब मिळतो. दुमजली घराच्या गच्चीवरची टाकी जमिनीपासून आठ मीटर धरली तर ०.८ बार. पॉप-अपला मान वर काढून नीट फवारायला दोन बार लागतात. म्हणजे टाकीवर पॉप-अप नाही. झाडांचं ठिबक त्यावर बऱ्यापैकी चालेल.

आता मोटर. वर बसवायची मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र) घेऊ नका. हवेचा दाब पाणी जेवढं वर ढकलू शकतो तेवढंच सक्शन. पुस्तकात १०.३ मीटर, तेही समुद्रसपाटीला. सातारा सातशे मीटरच्या आसपास, म्हणजे तिथूनच कमी. फूटव्हॉल्व्ह, एल्बो, पाइप यांचं वजा करता वीस-बावीस फुटांपलीकडे भरवसा नाही. तुमचं पाणी मार्चात अठरावर आहे, मे महिन्यात काय होईल? आबांनी मोटर विहिरीत टप्प्यावर उतरवली ती उगाच नाही. त्यामुळे पाण्यात बुडणारी ओपनवेल सबमर्सिबल.

हेड, म्हणजे पंपाला पाणी जेवढ्या उंचीएवढं ढकलावं लागतं ते, असं काढा: मे महिन्यातली पाण्याची खोली (१० मीटर धरू), अधिक पॉप-अपचे दोन बार (२० मीटर), अधिक फिल्टर आणि पाइपाची घासण (५-६ मीटर). झाले ३६. मोटरच्या पट्टीवर (माहितीच्या पत्र्यावर) ३६ ते ४० मीटरच्या रकान्यात मिनिटाला किती लिटर लिहिलंय ते बघायचं. दुकानदार पहिला रकाना दाखवतो, कारण तिथे आकडा सगळ्यात मोठा असतो.

पण खरा प्रश्न तुम्ही विचारलाच नाही. विहिरीला पाणी येतं किती?

मिरजमळा | १३ मार्च

मास्तरांच्या शेवटून दुसऱ्या परिच्छेदाला माझे चौदा हजार गेलेत.

मी एक एचपीची आणली. हौदात सोडली तर मांडीएवढी धार, घरचे सगळे खूश. पॉप-अप जोडले, बटण दाबलं. आठही टोप्या जमिनीतून बोटभर वर आल्या, दोन मिनिटं कारंज्यासारखं बुडबुड केलं आणि परत खाली. बायको म्हणाली, "लाजतायत." पट्टी वाचली तेव्हा कळलं, कमाल हेड १८ मीटर. ती पाणी उपसायची मोटर होती, दाब द्यायची नव्हतीच. दुकानदार परत घेईना. आता ती भावाच्या गोठ्यात आहे आणि तिथं अप्रतिम चालते.

पंपांचा कारखाना असलेलं किर्लोस्करवाडी आमच्याच जिल्ह्यात, १९१० पासून आणि मी पट्टी न वाचता पंप आणतो. आमचे थोरले अजून तोंडावर बोलतात.

हळदुल्या | १३ मार्च

लाजतायत =)) =))

जतची_सून | १३ मार्च

राग मानू नका, पण लिहिते. माझं सासर सांगलीच्या जत तालुक्यात. म्हैसाळ योजनेचं पाणी काही गावांना आलं, काहींना अजून वाट बघायची आहे. मे महिन्यात टँकर कधी येणार यावर घरातली कामं ठरतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ती गाडी बघायला लोक स्टेशनावर उभे होते. त्याच जिल्ह्याच्या शेजारी आपण गवताला रोज हजार लिटर कसे द्यायचे यावर चर्चा करतोय. शोभतं का?

अजिंक्यताऱ्याखाली | १४ मार्च

ताई, तुमचं खोटं नाही. पण विहीर आमची, पाणी नगरपालिकेचं घेत नाही, कुणाच्या तोंडचं काढत नाही. आधी याच पाण्यावर ऊस होता, त्याला याच्या कितीतरी पट लागायचं.

जतची_सून | १४ मार्च

विहीर तुमची. झरा कुणाचा?

दारं_धरणारा | १४ मार्च

ताई, मुद्दा पटला. पण उसाला कुणी विचारत नाही आणि दीड गुंठा गवताला कोर्टात उभं करतात, हे पण बघा की. आमच्या कोरेगाव तालुक्यात २०१६ च्या वॉटर कप स्पर्धेला लोकांनी हातानं चर खणले, वेळू गाव पहिलं आलं. तिथला माणूस लॉन लावणार नाही, पण उसाचं पाणी मोजणार पण नाही. हलकं घ्या.

कंदीपेढा | १४ मार्च

पाणी मोजायचंच असेल तर साताऱ्याजवळच्या लिंबला जा. बारामोटेची विहीर. १६४१ साली बांधली, आमराईसाठी. तेव्हा टायमर नव्हता, बैल होते.

बखरवाचक | १४ मार्च

अवांतर, पण राहवत नाही. १६४१ हा सन नव्हे, शक आहे. शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४. बांधणाऱ्या विरूबाई शाहू महाराजांच्या काळातल्या. सन धरला तर तेव्हा शिवाजी महाराज अकरा वर्षांचे होते आणि शाहू जन्मायचे होते. अठ्ठ्याहत्तर मिळवा, भांडण मिटतं. पर्यटनाच्या निम्म्या लेखांत ही चूक आहे.

कंदीपेढा | १४ मार्च

मान्य. अठ्ठ्याहत्तर मिळवले. विहिरीतलं पाणी तेवढंच राहिलं.

मोजमाप_मास्तर | १५ मार्च

धागा लिंबहून परत वाढे फाट्यावर आणतो.

जतच्या ताईंनी विचारलं त्याचं उत्तर मापातच आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. आपल्या उन्हाळ्यात लॉन दिवसाला पाच मिमी पितं असं धरा. दीड गुंठ्याला साडेसातशे लिटर, वारा आणि कडेला उडणारं धरून नऊशे-साडेनऊशे.

आता विहीर. दहा फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सव्वादोन हजार लिटर. मे महिन्याच्या मध्यावर, एका संध्याकाळी जुन्या मोटरने दोन फूट उपसा. नाडीला दगड बांधून पाण्याला टेकेल तिथे गाठ मारा. रात्रभर कुणी बादलीसुद्धा सोडायची नाही. पहाटे परत मोजा. चढलेले इंच मला सांगा. तोवर एक पैसा खर्च करू नका.

आयर्विनकर | १५ मार्च

सांगलीतून एक सूचना. स्टार्टर, टायमर, पेटी, जे काय असेल ते कमरेएवढ्या उंचीवर लावू नका, शक्य तेवढं वर लावा. २०१९ ला आयर्विन पुलाला कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. आमची पेटी जमिनीपासून चार फुटांवर होती, पाणी घरात सात फूट. विहिरीत वरपर्यंत गाळ, त्यात कुणाची तरी प्लास्टिकची खुर्ची. मोटर रिवाइंडिंग करून चालली, टायमर गेला. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा पेटी पहिल्या मजल्याच्या गॅलरीत होती. साताऱ्यात वाढे फाट्याला पूर येत नसेल, पण विहिरीवरच्या पेटीत पाल मात्र सगळीकडे येते.

कसबेकर | १६ मार्च

कुणी पाणी तपासायचं बोललं नाही याचं आश्चर्य वाटतं. आमच्या बाजूला, वाळवा-मिरज-पलूसच्या काळ्या जमिनींत, वर्षानुवर्षं पाट सोडून सोडून क्षार वर आलेत. विहिरीचं पाणी चवीला मचूळ. त्यावर मेक्सिकन कार्पेट गवत लावलं, फवाऱ्यानं पाणी दिलं. पानावर पडलेलं पाणी वाळलं की मागे पांढरा डाग, शेंडा तपकिरी. मला वाटलं रोग. दोन फवारण्या केल्या. रोग नव्हता, मीठ होतं.

माती-पाणी परीक्षणाला बाटली द्या. विद्युत वाहकता (क्षारांचं माप, डेसीसायमन प्रति मीटरमध्ये) ०.७५ च्या आत असेल तर निर्धास्त. २.२५ च्या वर गेली तर कार्पेट लॉनचा विचार सोडा, पास्पालम गवत किंवा साधी हरळी बघा. बाटली विहिरीच्याच पाण्यानं तीनदा विसळून मग भरायची. कोल्ड्रिंकची बाटली नेऊ नका, मी नेली होती. प्रयोगशाळेतल्या बाई फक्त बघत राहिल्या.

मिरजमळा | १६ मार्च

पाण्यात अजून एक गोष्ट असते, ती कागदावर येत नाही. शेवाळ. उघड्या विहिरीला जाळीचा फिल्टर १२० मेशचा लावलाय, तरी उन्हाळ्यात चार दिवसांनी दाब पडतो. परवा उघडला: आत हिरवा चिखल, ओल्या बनियनसारखा, त्यात तांदळाएवढे पंधरा-वीस शंख. जिवंत. जाळी टूथब्रशनं घासली, शंख परत विहिरीत सोडले. आईचा आग्रह. त्यामुळे पुढच्या आठवड्यात तेच शंख परत भेटतील.

जमल्यास डिस्क फिल्टर घ्या, शेवाळाला जाळीपेक्षा बरा. आणि फिल्टरच्या आधी-नंतर दाबाचे दोन काटे लावा. दोघांत अर्ध्या बारचा फरक पडला की घासायची वेळ झाली. नाहीतर तुम्ही मोटरला शिव्या घालत बसाल.

सुगरण_नाही | १७ मार्च

ठिबकचं उत्तर राहिलं. आम्ही लॉनखाली चार इंचांवर ठिबकच्या नळ्या पुरल्या होत्या. पाणी वाचतं हे खरं. पहिलं वर्ष छान. दुसऱ्या वर्षी लॉनवर हिरवे-पिवळे पट्टे, झेब्र्यासारखे. मुळं ड्रिपरच्या तोंडात शिरली होती आणि कुठलं तोंड बंद आहे ते वरून दिसत नाही. त्यात माळ्याने लव्हाळा काढायला खुरपं घातलं... पुढचं लिहीत नाही.

झाडं, कुंड्या, भाजीला ठिबक. लॉनला फवारा.

ठिबकवाला | १७ मार्च

असहमत. नळी चांगली घेतली, वेळच्या वेळी फ्लश केली तर जमिनीखालचं ठिबक वर्षानुवर्षं चालतं. फवाऱ्याचं पाणी अर्धं रस्त्यावर जातं ते कुणाला दिसत नाही.

सुगरण_नाही | १७ मार्च

दिसतं. आमच्या शेजारच्या बंगल्याचा टायमर जुलैत, धो धो पावसात, सकाळी सहाला लॉनला पाणी घालतो. मालक पुण्याला असतात.

दारं_धरणारा | १७ मार्च

=)) टायमरला वाफसा (मातीतली ओल) कळत नाय. माणूस पायाचा अंगठा मातीत रोवून बघतो.

अजिंक्यताऱ्याखाली | १९ मे

उशीर झाला, पण मास्तरांचं ऐकून थांबलो होतो. पाण्याचा अहवाल आला, वाहकता ०.६. कसबेकरांचे आभार, बाटली तीनदा विसळली.

परवा मोजलं. पाणी तेहतीस फुटांवर गेलंय, म्हणजे नऊ फूट शिल्लक. संध्याकाळी सातला दोन फूट उपसलं. नाडीला मी काही बांधायच्या आत आबा कुठूनतरी जुना पितळी ओळंबा घेऊन आले. पहाटे पाचला मी उठलो तर ते आधीच काठावर बसलेले, नाडी हातात. बॅटरी पाडली. गाठ ओली झाली होती. पाच इंच चढलं.

"मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं," म्हणाले. "मे महिन्यात रात्रीतून वीतभर पण येत नाही. म्हणून तर उसाच्या जागी शाळू केला होता मधली दोन वर्षं." हे मला माहीतच नव्हतं.

मोजमाप_मास्तर | १९ मे

पाच इंच म्हणजे दहा तासांत साधारण सव्वानऊशे लिटर. चोवीस तासांचे बावीसशे. आता या पाण्यावर आधीपासून काय आहे ते लिहा.

अजिंक्यताऱ्याखाली | १९ मे

घरात धुण्या-भांड्याला सहाशे. चार नारळ आणि आबांची भाजी मिळून पाचशे. गाय आणि वासरू, शंभर.

मोजमाप_मास्तर | २० मे

बाराशे गेले, हजार उरले. तुमच्या दीड गुंठ्याला साडेनऊशे. कागदावर बसतं. पण जूनचा पाऊस पंधरा दिवस लांबला तर झरा अजून बारीक होईल, मग आधी काय तोडणार? गाय? उरलेलं सगळं लॉनला लावू नका, निम्मं लावा. नऊ फूट साठा दिसतो ते मुद्दल आहे, त्याला हात नको.

पाचशे लिटरमध्ये पाऊण गुंठा बसतो. नऊ बाय साडेआठ मीटर. चार कोपऱ्यांत पाव वर्तुळाचे, चार बाजूंच्या मध्यावर अर्ध्याचे, मधोमध एक पूर्ण, असे नऊ पॉप-अप. साडेचार मीटर फेक, एकाचं पाणी दुसऱ्याच्या पायाशी पोचलं पाहिजे. सगळे मिळून मिनिटाला ५६ लिटर. दोन भाग करा, २८-२८. तेवढं एक एचपी ३६ मीटर हेडला आरामात देते. असे फवारे तासाला ४० मिमीच्या आसपास पाणी टाकतात, म्हणजे प्रत्येक भागाला साडेसात मिनिटं पुरे. जमीन काळी असेल तर एका दमात देऊ नका, वाहून जाईल. चार मिनिटं एक भाग, चार दुसरा, मग परत पहिला. पहाटे द्यायचं, संध्याकाळी दिलं तर रात्रभर पान ओलं राहून बुरशी धरते.

पाणी संपल्यावर मोटर बंद करणारा फ्लोट स्विच विसरू नका. विहीर उपसली तरी टायमरला ते कळत नाही.

जतची_सून | २० मे

पाऊण गुंठा. बरं वाटलं.

अजिंक्यताऱ्याखाली | ३ ऑगस्ट

अपडेट. जूनच्या शेवटी बसवलं. तो पासष्ट हजारवाला सोडला. गावातल्या प्लंबरकडून पाइप टाकले आणि पहिल्या वर्षी टायमरऐवजी दोन साधे कॉक ठेवलेत. सोलेनॉइडची (विजेवर उघड-बंद होणाऱ्या व्हॉल्व्हची) जागा सोडून ठेवलीय. मोटर घेताना दुकानात पट्टी वाचत बसलो, दुकानदार म्हणाला इंजिनिअर आहात का.

उरलेल्या पाऊण गुंठ्यात आबांनी घेवडा आणि गवार लावलीय, ठिबकवर. ठिबकवाले, तुमचंही झालं.

एक अडचण आहे. कॉक बंद केल्यावरही रस्त्याकडेच्या कोपऱ्यातला एक पॉप-अप पाच-दहा मिनिटं गळत राहतो, तिथे चिखल होतो. वायसर बदलला, फरक नाही. आणि कार्पेटमध्ये त्याच कोपऱ्यात हरळी घुसलीय. उपटायला गेलो तर आबा म्हणतात, राहू दे, गणपतीला दूर्वा लागतील.

मिरजमळा | ३ ऑगस्ट

वायसरचा दोष नाही. तो कोपरा सगळ्यात खाली असणार. पाइपातलं उरलेलं पाणी उतारानं तिथून निघतं. आत चेकव्हॉल्व्ह असलेला पॉप-अप मिळतो, तेवढा एकच बदला. हरळीवर उपाय नाही. आबांवर तर नाहीच.

माणदेशी | ११ नोव्हेंबर

धागा वर काढतोय. आटपाडीला घर आहे, विहीर नाही, बोअर ३२० फूट. समोर अर्धा गुंठा मोकळा आहे. मास्तर, लॉन बसेल का? बोअरचा व्यास साडेसहा इंच.

मोजमाप_मास्तर | ११ नोव्हेंबर

व्यास राहू द्या. एप्रिलमध्ये मोटर चालू करा आणि किती मिनिटांनी धार तुटते, परत पाणी यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून लिहून ठेवा. तोवर अर्ध्या गुंठ्यात शेवगा लावा.